डाय भरत नाही म्हणून हॅमर मोठा करायचा विचार असेल तर आधी बारचा व्यास बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मीडियम कार्बन स्टीलच्या ५० मिमी गोल बारमधून १.९ किलोचा लिव्हर फोर्ज करायचाय, म्हणजे तापवून डायमध्ये (पोलादी साच्यात) हॅमरने ठोकून घडवायचाय, एका टोकाला ६५ मिमी व्यासाचा ३५ मिमी जाड बॉस (जाड गोल गाठ) आणि पुढे बारीक लांब दांडा. बॉसचा कोपरा भरत नाही, आणि दांडा बॉसला जिथे मिळतो तिथे मॅग्नेटिक तपासणीत केसासारखी रेघ दिसते. हॅमर १ टनाचा आहे, तो दीड किंवा २ टनाचा करावा का, आणि मुळात डायच्या आत धातू वागतो कसा?

हॅमर बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य हॅमरसमोर आणि डाय-रूममध्ये गेलंय आणि न भरलेल्या कोपऱ्यांच्या ज्या केसेस माझ्यासमोर आल्या त्यातल्या बहुतेकांत ताकद कमी नव्हतीच. हे ओळखायची सोपी खूण आहे, फ्लॅशची, म्हणजे दोन डायच्या फटीतून बाहेर आलेल्या पातळ मालाची, जाडी मोजा. ताकद कमी पडत असेल तर दोन्ही डाय पुरेशा जवळ येतच नाहीत, फ्लॅश सगळीकडे जाड राहतो आणि जॉबची (घडवलेल्या तुकड्याची) उंचीही जास्त येते. पण फ्लॅश ड्रॉइंगप्रमाणे पातळ बसलाय, उंची बरोबर आहे, आणि तरी कोपरा रिकामा आहे, तर माल तिथे पोचलाच नाही, तो भलतीकडून फ्लॅशमध्ये पळाला. अशा वेळी जोर वाढवलात तर तो आणखी जोरात पळेल.

तापलेलं पोलाद डायमध्ये पाण्यासारखं वाहत असेल असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पाणी आपल्या वजनानेच कोपऱ्यात जाऊन बसतं, पोलाद तसं बसत नाही, त्याला दाबून न्यावं लागतं, आणि ते कायम जिकडे अडवणूक कमी तिकडे सरकतं. खोल बारीक खाचेत शिरायचं म्हणजे दोन्ही भिंतींना घासत, थंड होत होत जायचं, त्यापेक्षा बाजूला पसरणं त्याला सोपं. म्हणून पहिले एक-दोन घाव माल बाजूलाच पसरतो, मग पार्टिंग लाइनमधून, म्हणजे दोन डायच्या सांध्यातून, बाहेर यायला लागतो, तो बाहेर आलेला पातळ पापुद्रा पटकन थंड होऊन कडक होतो आणि मागून येणाऱ्याची वाट अडवतो, आतला दाब चढतो आणि तेव्हा कुठे माल कोपऱ्यांकडे वळतो. म्हणजे हिशेबाच्या वहीत फ्लॅश वाया गेलेला माल दिसतो खरा, पण डायच्या दृष्टीने तो दाराला घातलेला अडसर आहे. अडसर ढिला ठेवला, म्हणजे फ्लॅश जाड किंवा लँड (साच्याच्या कडेची फ्लॅश दाबणारी सपाट पट्टी) अरुंद ठेवली, तर कोपरा रिकामा राहतो, फारच घट्ट केला तर कोपरा भरतो पण डायवरचा भार भसकन वाढतो आणि डाय लवकर जाते. तुमच्या आकाराच्या जॉबला लँडवर दीड ते अडीच मिमी जाडी आणि त्याच्या तीन ते पाच पट रुंदी, त्याच्या बाहेर गटर (जास्तीच्या मालासाठीची खाच) मोकळं, इथून सुरुवात करा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन रंगांच्या प्लॅस्टिसिनच्या चकत्या एकावर एक रचून गोळा करा, लाकडात कोरलेल्या साच्याला पावडर लावून त्यात हळूहळू दाबा आणि मग ब्लेडने मधोमध कापा. रंगांचे पट्टे कसे वळले, कुठे दुमडले, कुठे पोचलेच नाहीत हे इतकं स्वच्छ दिसतं की हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे करायला लावतो आणि मगच सॉफ्टवेअरच्या सिम्युलेशनकडे पाठवतो. सिम्युलेशन करा, जरूर करा, पण हाताला एकदा कळलेलं असलं की स्क्रीनवरचे रंग खरे वाटायला लागतात.

आता हॅमरचं. १ टनाचा रॅम (हॅमरचं वरून पडणारं वजन) १ मीटरवरून नुसता सोडला तर त्याच्यात साधारण ९.८ किलोज्यूल ऊर्जा असते आणि तो सेकंदाला ४.४ मीटर वेगाने आदळतो, वरून हवेचा किंवा वाफेचा दाब दिला तर आणखी जास्त. मेकॅनिकल प्रेसमध्ये रॅम कुठे थांबणार हे क्रँकने ठरवलेलं असतं, हॅमरमध्ये ते ठरलेलं नसतं, तो आपली ऊर्जा संपेपर्यंत माल दाबत जातो. आता नीट लक्ष द्या, तीच ऊर्जा जर माल मऊ असताना दिली तर माल खूप सरकतो आणि बल त्या मानाने कमी लागतं, पण माल थंड असेल किंवा डाय आधीच बंद व्हायला आली असेल तर सरकायला जागाच उरत नाही, तेवढीच ऊर्जा एवढ्याशा अंतरात संपवायची म्हणजे बल प्रचंड चढतं. ते जातं कुठे, तर डायच्या कोपऱ्यात, डाय जिथे पकडतात त्या डव्हटेलमध्ये, पाचरीत आणि फाउंडेशनमध्ये. म्हणून पुरेशा ताकदीच्या जागी दुप्पट हॅमर लावला की कोपरा भरो न भरो, डाय मात्र तडकते.

हॅमरचा मोठेपणा त्याच्या जोरापेक्षा ताब्यात आहे, हे पहिल्यापासूनच आहे. जेम्स नॅस्मिथने १८३९ मध्ये स्टीम हॅमरचं स्केच काढलं ते ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाच्या भल्या मोठ्या पॅडल शाफ्टसाठी, कारण त्या काळच्या टिल्ट हॅमरमध्ये, म्हणजे दांड्यावर उचलून पाडायच्या हातोड्यात, जॉब जितका जाड तितकी हातोड्याला पडायला जागा कमी, म्हणजे जिथे जास्त जोर हवा तिथेच तो कमी मिळायचा. त्या जहाजाला पुढे पॅडलऐवजी स्क्रू बसवला म्हणून तो शाफ्ट झालाच नाही, हॅमर मात्र आधी फ्रान्समध्ये ल क्रूझोला तयार झाला आणि नॅस्मिथला पेटंट १८४२ मध्ये मिळालं. त्या हॅमरचं प्रात्यक्षिक म्हणून जे सांगतात ते मला फार आवडतं, वाइनच्या ग्लासात उभं ठेवलेलं अंडं फोडायचं आणि ग्लासला तडाही जाऊ द्यायचा नाही. चांगला हॅमरमन आजही तेच करतो, पहिला घाव हलका, फक्त स्केल (तापलेल्या पोलादावरची ऑक्साइडची खपली) उडवायला आणि जॉब डायमध्ये नीट बसवायला, मग हवेचा झोत, मग जोराचे घाव.

तापमानाकडे येतो. मीडियम कार्बन स्टील आपण साधारण ११५० ते १२५० डिग्रीला सुरू करतो आणि ८५०-९०० च्या खाली गेलं की थांबतो. १२०० ला ते जेवढा विरोध करतं त्याच्या अडीच-तीन पट विरोध ९०० ला करतं, मग तुमचा १ टनाचा हॅमर अचानक तिसऱ्या हिश्शाचा झाल्यासारखा वाटतो आणि लोक म्हणतात हॅमर छोटा पडतोय. बिलेट, म्हणजे बारचा कापलेला तुकडा, बाहेरून पिवळं दिसतं पण भट्टीतून घाईने काढलेलं असेल तर पोट अजून लालच असतं. संशय आला तर एक बिलेट काढून हॅमरखाली सपाट करा, पोट थंड असेल तर हाताला आणि आवाजाला लगेच कळतं. उलट दिशेचीही चूक होते, जास्त तापवलं की ग्रेन (पोलादातले स्फटिक कण) वाढतात, ते नॉर्मलायझिंगने, म्हणजे पुन्हा तापवून हवेत थंड केल्याने, बऱ्यापैकी सावरतं, पण पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर ग्रेनच्या कडा वितळून जळालेल्या असतात, ते पोलाद परत कशानेच जोडत नाही, भंगारात टाका. आणि एक, ट्रिमिंगनंतर (फ्लॅश कापून काढल्यावर) वाकडा झालेला जॉब २०० ते ४०० डिग्रीच्या मधे असताना हातोड्याने सरळ करू नका, त्या पट्ट्यात स्टील ठिसूळ होतं. एकतर चांगलं गरम असताना करा नाहीतर पूर्ण थंड झाल्यावर प्रेसवर.

आता तुमच्या जॉबची खरी गोष्ट. बॉसच्या मधोमध दांड्याला आडवा छेद कल्पनेने घ्या. ६५ गुणिले ३५ म्हणजे २२७५ चौरस मिमी, दोन्ही बाजूंच्या फ्लॅशचे धरा आणखी दीडशे, झाले साधारण २४२५. आणि ५० मिमी बारचं क्षेत्रफळ किती, १९६३. म्हणजे बॉसच्या मध्यावर जवळपास पाचवा हिस्सा माल मुळातच कमी आहे, तो शेजारून ओढून आणावा लागणार, आणि शेवटचा आकार देणाऱ्या फिनिशर डायमध्ये शेवटच्या घावांना तो शेजारून येणार म्हणजे दांड्याकडून, कोपऱ्याला वळसा घालून, थंड होत होत. तुमचा रिकामा कोपरा आणि ती रेघ, दोन्हींचं मूळ हेच आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं.

हॅमरखाली बार लांब करणं सोपं, जाड करणं अवघड, हे वाक्य मी नवीन मुलांकडून घोकून घेतो. फुलरिंगमध्ये बार पातळ होऊन लांबतो, रोलरमध्ये म्हणजे एजरमध्ये फिरवत फिरवत मारलं की थोडा माल एका जागी गोळा होतो, पण थोडाच. टोक ठोकून जाड करायचं म्हटलं, म्हणजे अपसेट, तर मोकळी लांबी व्यासाच्या अडीच ते तीन पटीच्या आत हवी, त्याच्या वर गेलात की बार मधे वाकतो आणि ते वाकण पुढे घडी होऊन जॉबमध्येच राहतं. म्हणून नियम असा की सगळ्यात जाड छेदाला पुरेल असा बार घ्या आणि बाकीचा ओढून बारीक करा. ५५ मिमीचं क्षेत्रफळ २३७६, जवळ येतं, एजरमध्ये जरा गोळा केलं तर चालेल. मी ६० घेईन, २८२७ मिळतात, निवांत काम होतं. वजनाचा हिशेब आपला नेहमीचाच, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. जॉब १.९, फ्लॅश ०.४, स्केल आणि सांडशीत धरायच्या टोकाचे मिळून ०.१, एकूण २.४ किलो. ५० मिमीला मीटरला १५.४ किलो म्हणजे तुम्ही आत्ता १५५ मिमीच्या आसपास कापत असाल, ६० मिमीला २२.२ किलो म्हणजे १०८ मिमीचा तुकडा. त्यातला ४८-५० मिमी बॉससाठी तसाच सोडायचा आणि उरलेला फुलरखाली ओढून दांडा करायचा. फुलरिंगला दोन-चार घाव वाढतील, चालतंय, ते घाव माल सगळ्यात गरम असताना पडतात. हे फक्त मधल्या छेदाचं झालं, पूर्ण लांबीवर दर १० मिमीला असं क्षेत्रफळ काढून आलेख काढला की बिलेटला डायआधी कसा आकार द्यायचा ते समोरच दिसतं.

त्या रेघेबद्दल जरा थांबून सांगतो कारण ती जास्त गंभीर आहे, कोपरा न भरलेला दिसतो तरी, ही दिसत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात अगदी अशाच आकाराच्या जॉबला अशीच रेघ यायची. तिथे सगळ्यांचं म्हणणं बारमध्येच चीर आहे, बार सप्लायरला परत पाठवा. मी म्हटलं आधी एक तुकडा उभा कापू. कापला, बारीक पेपरपर्यंत घासला आणि अर्धं पाणी अर्धं हायड्रोक्लोरिक ॲसिड ७०-८० डिग्रीला गरम करून त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवला (वाफा फार वाईट असतात, एक्झॉस्ट, हातमोजे, चष्मा यांच्याशिवाय करू नका, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही). धुऊन उजेडात धरला तर लाकडाच्या रेषांसारख्या ओळी दांड्यातून बॉसकडे येताना दिसत होत्या, आणि बरोबर कोपऱ्यापाशी त्या भिंत सोडून मधे उडी मारून गेल्या होत्या, मागे राहिलेली पोकळी नंतर वरून आलेल्या मालाने झाकली होती. ती घडी, म्हणजे लॅप. दोन्ही पृष्ठभागांवर स्केल असल्यामुळे ते पुन्हा कधी जुळत नाहीत, कितीही जोरात मारा. बार निर्दोष होता. ब्लॉकरमधला, म्हणजे फिनिशरच्या आधीच्या ठशातला, त्या कोपऱ्याचा रेडियस ३ मिमी होता, तो ८ केला, आणि घडी गेली. एका दिवसाचं काम, पण त्याआधी तिथे आठवडाभर ग्राइंडर घेऊन रेघा घासून काढणं चालू होतं, आणि घासलेल्या जॉबमध्ये रेघेचा तळ खरंच संपला का हे कोणीच बघत नव्हतं. लिव्हरसारख्या जॉबला सगळ्यात जास्त ताण नेमका तिथेच येतो, गाडीत किंवा मशीनमध्ये तो तुटला तर माणसाच्या जिवाशी गाठ असते, म्हणून घासून पास करायची सवय लागू देऊ नका.

ब्लॉकरचं कामच ते आहे, मालाला मोठ्या वळणांनी जवळपास शेवटच्या आकारापर्यंत नेणं, म्हणजे फिनिशरमध्ये त्याला लांबचा प्रवास उरत नाही, फक्त धारदार कोपरे आणि मापं तेवढी घ्यायची. ब्लॉकर वाचवून थेट फिनिशरमध्ये मारायचा मोह सगळ्यांना होतो, एक ठसा कमी, घाव कमी. साध्या गोल जॉबला जमतं, बॉस आणि दांड्याला नाही.

त्या ओळींबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की फोर्जिंगमध्ये ग्रेन लांब होतात आणि म्हणून जॉब मजबूत होतो. गरम फोर्जिंगमध्ये ग्रेन लांब राहत नाहीत, तापमान एवढं असतं की ते तिथल्या तिथे मोडून नव्याने तयार होतात, बारीक आणि गोलसर. लांब राहतात ते पोलादातले अशुद्ध कण, मुख्यतः मँगनीज सल्फाइडचे, आणि रासायनिक फरकाचे पट्टे, तेच ॲसिडने खाल्ल्यावर रेषा म्हणून दिसतात. त्या रेषांच्या दिशेने पोलाद चिवट असतं, आडवं त्या मानाने कमी. बारमधून कोरून काढलेल्या लिव्हरमध्ये त्या रेषा कोपऱ्यावर कापल्या जातात, फोर्ज केलेल्यात त्या कोपऱ्याबरोबर वळतात, आणि फटिगला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाला, टिकायचं असेल तर हा फरक मोठा पडतो. पण त्या नीट वळल्या तरच.

डायच्या बाबतीत चार गोष्टी तपासा. बॉसची खोल बाजू वरच्या डायमध्ये आहे का बघा, हॅमरमध्ये वरची खोली जास्त चांगली भरते, कारण जॉब खालच्या डायवर सतत टेकलेला असतो, तिथे थंड होतो आणि स्केलही तिथेच साठतं, वरची डाय मात्र प्रत्येक घावाला काही मिलिसेकंदच टेकते. खोली खाली असेल तर नवीन ब्लॉक घेताना उलटी करा. दुसरं, डाय शिफ्टच्या सुरुवातीला १५० ते २५० डिग्री गरम हवी, बर्नरने किंवा तापलेले तुकडे मधे ठेवून, आणि तापमानाच्या खडूने तपासून, अंदाजाने नाही. थंड डाय मालाची उष्णता खाते हा एक तोटा, आणि पहिल्याच जोराच्या घावाला कोपऱ्यातून तडकू शकते हा मोठा. तिसरं, माल चिकटू नये म्हणून ग्रॅफाइटचं पाणी मारताना खोल कोपऱ्यात डबकं साचत असेल तर तेच तुमचा कोपरा भरू देत नाही, अडकलेलं पाणी आणि त्याची वाफ माल आत येऊ देत नाही, आणि कधी कधी तेच गरम फवारा होऊन समोरच्याच्या अंगावर येतं. बारीक फवारा आणि लगेच हवा. जुन्या शॉपमध्ये लाकडाचा भुसा टाकायचे, तो जळून होणाऱ्या वायूने जॉब डायमधून सुटायचा, कल्पना चांगली पण खोल कोपऱ्यासाठी तोच त्रास.

चौथं ड्राफ्ट, म्हणजे डायच्या भिंतींचा उतार, बाहेर ५ ते ७ डिग्री आणि आतल्या भागांना ७ ते १०, हॅमरला जॉब बाहेर ढकलणारा इजेक्टर नसतो म्हणून इथे कंजूषी केली की जॉब अडकतो, हॅमरमन सांडशीने उचकटतो, त्यात तो पोटात वाकतो, आणि अडकलेल्या जॉबवर पुढचा घाव पडला तर मिसमॅच (वरचा आणि खालचा अर्धा एकमेकांवरून सरकणं) वेगळाच. तसाही पाचर आणि गाइड ढिली झाली की मिसमॅच येतोच, ते रोज बघायचं. आणि डाय बदलताना रॅमखाली आधार लावल्याशिवाय कोणीही हात घालायचा नाही, हवा बंद केली आहे एवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही. माझ्या हाताखालच्या लोकांना मी याच्यात एकदाही सूट दिलेली नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी आत्ताच्या जॉबचा फ्लॅश मोजा आणि एक तुकडा कापून ॲसिडमध्ये बघा, रेघ लॅपच आहे का हे नक्की करा. मग ६० मिमीच्या बारचे दहा-बारा तुकडे कापून फुलरखाली हाताने दांडा ओढा, डायला हात न लावता तसेच मारून बघा, माझ्या अंदाजाने कोपरा इथेच भरेल. भरला आणि रेघ राहिली तर ब्लॉकरचा रेडियस वाढवा. एवढं करूनही १२०० डिग्रीच्या नीट तापलेल्या बिलेटवर जोराचे आठ-दहा घाव बसल्यावर फ्लॅश ठरल्यापेक्षा मिलीमीटरभर जाडच राहत असेल, पाचर घट्ट असेल आणि हवेचा दाब पूर्ण असेल, तर मात्र तुमचा हॅमर खरंच छोटा आहे, तेव्हा दीड टनाचा बघा. २ टनाचा या जॉबला नको.